संस्थेचे दप्तर आणि संकेतस्थळ
(पालक-विद्यार्थी मेळाव्यात केलेले भाषण)



आठवीच्या मुलांसाठी एनएमएमएस नावाची शिष्यवृत्ती परीक्षा असते, हे आपणांपैकी किती पालकांना ठाऊक आहे? पालकांचे वार्षिक उत्पन्न साडेतीन लाखांच्या आत असावे, मूल सरकारी वा अनुदानित शाळेत शिकत असावे, अशा तिच्या अटी आहेत. निवड झाली आणि पुढे गुणांची अट पाळली, तर नववी ते बारावी दरसाल १२,००० रुपये मिळतात. चार वर्षांचे ४८,००० झाले. मुलीला दहावीनंतर शिकवावयाचे की घरी बसवावयाचे, हे काही घरांत एवढ्याच रकमेवर ठरते. आणि ही सूचना आपल्यापर्यंत येते कशी? फलकावरील कागदाचा तिरपा फोटो काढून कोणी मोबाइलच्या गटात टाकतो, त्यावर शुभेच्छांचा ढीग साचतो आणि मुदत उलटल्यावर तो फोटो सापडतो.

यास्तव संस्थेचे स्वतःचे संकेतस्थळ असावे आणि ते नीट लावलेले असावे. पूर्वी प्रत्येक दुरुस्तीसाठी जाणकार माणसाला बोलवावे लागे. मजकूर-व्यवस्थापनाच्या प्रणाली आल्या आणि ती अडचण गेली. त्यांतील वर्डप्रेस २००३ साली सुरू झाली. ती विनामूल्य आहे (जागेचे व नावाचे भाडे मात्र द्यावे लागते) आणि मराठी व उर्दूतही चालते. पत्र टंकलिखित करू शकणारा कोणताही शिक्षक ती चालवू शकेल.

परंतु कपाट आणले म्हणजे दप्तर लागले, असे होत नाही. वर्डप्रेसमध्ये मजकूर दोन प्रकारे ठेवता येतो. एक ‘पान’ आणि दुसरी ‘पोस्ट’. प्रवेशाचे नियम, वसतिगृह, शिष्यवृत्तींची माहिती या कायमच्या गोष्टी. त्या पानावर असाव्यात. निकाल, सभा, अर्जाची मुदत या तारखेच्या गोष्टी; त्या पोस्टमध्ये जाव्यात, म्हणजे नवी वर येते व जुनी खाली सरकते. पोस्टना वर्ग देता येतात आणि वर्गांखाली उपवर्गही. ‘शिष्यवृत्ती’ हा वर्ग असेल, तर त्याखाली ‘आठवी’, ‘दहावीनंतर’ असे उपवर्ग करावेत. पण उत्साहाच्या भरात चाळीस वर्ग करू नयेत. मी अशी एक संस्था पाहिली आहे, जिच्या संकेतस्थळावर ‘सूचना’, ‘महत्त्वाच्या सूचना’ आणि ‘इतर सूचना’ असे तीन वर्ग होते आणि कोणती सूचना कोठे टाकावयाची, हे तेथील कारकुनालाही सांगता येत नव्हते. वर्गाचे नाव पालकाच्या तोंडचे असावे, कार्यालयाच्या फाइलीवरचे नव्हे.

आता एक बारीक पण महत्त्वाची गोष्ट. अर्जाचा नमुना आपण पीडीएफ करून चढवतो. पुढच्या वर्षी त्याच नावाचा नवा नमुना चढवला, तर प्रणाली जुना पुसत नाही. नव्याला वेगळा पत्ता देते. जुना नमुना आपल्या जागी तसाच राहतो. ज्याच्याजवळ थेट त्या फाइलीचा पत्ता आहे, तो मुकाट्याने गतवर्षीचा अर्ज भरतो आणि तो नामंजूर होतो! म्हणून दुसऱ्याला पाठवावयाचा तो पानाचा पत्ता, फाइलीचा नव्हे. पान तेच ठेवून त्यावरील फाइल बदलावी, आणि जुनी फाइल संग्रहातून स्वतंत्रपणे काढून टाकावी. पोस्ट पुसली म्हणून फाइल पुसली जात नाही.

यातच एक धोकाही आहे. लाभार्थी विद्यार्थ्यांच्या याद्या नाव, मोबाइल आणि बँक खाते क्रमांकासह चढवलेल्या मी पाहिल्या आहेत. हेतू पारदर्शकतेचा असेल, पण हे मुळीच करू नये. २०२३ च्या वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याने अठरा वर्षांखालील मुलांच्या माहितीसाठी पालकांची संमती आवश्यक मानली आहे. कायदा नसता तरी मुलांचे खाते क्रमांक चव्हाट्यावर मांडणे शोभले नसते.

कामाची वाटणीही प्रणालीतच आहे. ‘योगदानकर्ता’ मजकूर लिहितो, पण प्रसिद्ध करू शकत नाही. ‘संपादक’ तपासून प्रसिद्ध करतो. ‘प्रशासक’ सर्व सूत्रे हाती ठेवतो. नववी-दहावीच्या मुलामुलींना पहिले काम निःशंकपणे द्यावे. काही बिघडले, तर मजकुराच्या मागील आवृत्त्या जपलेल्या असतात. मात्र प्रशासक दोन असावेत. आपल्याकडे होते असे, की एखादा हुशार तरुण सारे उभे करतो, नोकरीसाठी आखातात जातो आणि पासवर्डही त्याच्याबरोबर विमानात बसतो.

शेवटची विनंती शिक्षकांना. सूचना छायाचित्र म्हणून चिकटवू नका, युनिकोडमध्ये टंकलिखित करा. चित्रातील अक्षरे शोधयंत्राला नीट सापडतीलच असे नाही, आणि ज्या अंध विद्यार्थ्याला त्याचा मोबाइल मजकूर वाचून दाखवतो, त्याला नुसत्या चित्रातून काही कळत नाही. जुन्या फाँटमधील मजकूर तसाच डकवला, तर अक्षरांच्या जागी भलतीच चिन्हे उमटतात. तो आधी रूपांतरित करून घ्यावा. उर्दू मजकूर उजवीकडून डावीकडे वाचावयाचा असतो, तेव्हा त्या परिच्छेदाची दिशा बदलून मगच प्रसिद्ध करावा.

कार्यालयात एक कोरी वही ठेवली आहे. गेल्या वर्षी कोणती माहिती शोधूनही मिळाली नाही, ते पालकांनी आज घरी जाण्यापूर्वी तीत लिहावे. पहिली पाने त्या वहीवरूनच तयार होतील.