औषधाचा भाव कोण छापतो?
(नाकाडोंगरी येथील भाषण)

दोस्तहो, तुमच्यातला कुणी डोंगरी बुजुर्गच्या मँगनीज खाणीत, कुणी शेतावर मजूर. औषधाच्या दुकानात मात्र सगळे सारखेच. छापील भाव द्यायचा, गप बसायचं. हा भाव काय देव छापतो?

मी आकडे सांगतो. १९७९ साली ३४७ औषधं सरकारी भावनियंत्रणात होती. १९८७ साली १४२ उरली. १९९५ साली ७४. रोग कमी झाले होते? नाही. ‘परवडत नाही’ म्हणत कंपन्यांच्या संघटना दिल्लीत दार धरून बसल्या होत्या.

२००३ साली सुप्रीम कोर्टानं सरकारला बजावलं, गरजेची औषधं नियंत्रणाबाहेर जाऊ देऊ नका. २०१३ साली यादी वाढली, ३४८ झाली. पण मेख दुसरीकडंच मारली. तोवर भाव उत्पादनखर्चावरनं निघायचा. आता बाजारात एक टक्का किंवा जास्त वाटा असलेल्या कंपन्यांच्या भावांची सरासरी काढतात. म्हणजे लुटणाऱ्यालाच विचारायचं, बाबा, किती लुटू देऊ?

खर्चावर भाव, ही आपली मागणी. त्यांची संघटना आहे. आजाऱ्यांची कुठाय? ती आपणच बांधायची. इथनं सुरुवात करा.

जय भीम!