राजा, पण पत्र रेसिडेंटमार्फत

धाराशिवहून बोलतोय. आज आधी जपान, मग सातारा.

शोगुनांच्या काळात जपानात अडीचशेहून जास्त दाइम्यो होते. दाइम्यो म्हणजे मोठा सरंजामदार समजा. स्वतःचा किल्ला, सैन्य, वसुली, सगळं. पण बहुतेकांना एक वर्ष आपल्या मुलखात आणि एक वर्ष एदोत, म्हणजे आजच्या टोकियोत, राहावं लागायचं. बायको-मुलं कायम एदोत. ओलीसच की! त्यात जाण्या-येण्याच्या लवाजम्याचा खर्च. बंड करायला पैसा उरणार कुठून?

आपल्याकडे कंपनी सरकारने हे काम कागदावर केलं. फेब्रुवारी १८१८, आष्टीची लढाई. बीडची आष्टी नव्हे, शेजारच्या सोलापूर जिल्ह्यातली. बापू गोखले पडले, दुसरा बाजीराव निसटला, आणि त्याच्या छावणीतले छत्रपती प्रतापसिंह इंग्रजांच्या हाती आले. इंग्रजांनी त्यांना साताऱ्याच्या गादीवर बसवलं. १८१९ च्या तहात मात्र एक कलम होतं: बाहेरच्या कुणाशीही पत्रव्यवहार करायचा तर रेसिडेंटमार्फतच.

आम्ही आयटीवाले याला ॲडमिन ॲक्सेस म्हणतो. युझर तुम्ही, पासवर्ड दुसऱ्याकडे.

तरी माणूस गप्प बसला नाही. साताऱ्यात शाळा काढली, रस्ते केले, शहराला यवतेश्वरहून पाणी आणलं. स्वतः रोजनिशी लिहायचे, हे मला फार आवडतं. पण जहागीरदारांवर हक्क कुणाचा यावरून मुंबई सरकारशी बिनसलं. मग आरोप आला, की महाराज गोव्याच्या पोर्तुगीजांशी संधान बांधतात. म्हणजे नेमकं तेच कलम.

ऑगस्ट १८३९ मध्ये गव्हर्नर कारनॅक स्वतः साताऱ्यात आला. म्हणाला, तह मोडल्याचं मान्य करून सही करा, गादी राहील. विचार करा, एक सही! महाराजांनी नकार दिला. जे केलंच नाही ते कबूल कसं करायचं? सप्टेंबरात त्यांना पदच्युत करून काशीला धाडलं आणि भाऊ शहाजी गादीवर बसले. १८४७ मध्ये महाराज काशीतच वारले. पुढच्याच वर्षी शहाजीही गेले आणि डलहौसीने दत्तक नामंजूर करून राज्य खालसा केलं.

जपानात दाइम्यो १८७१ पर्यंत टिकले. मग त्यांच्या जहागिऱ्यांचेही जिल्हे झाले.

महाराजांची बाजू मांडायला रंगो बापूजी लंडनला गेले, ते तिथे दहा वर्षांहून जास्त राहिले. तो किस्सा पुढच्या भागात.