‘माझं डोकं चालत नाही’
(कार्यकर्त्यांच्या शिबिरातील भाषण)



मला सल्ला केंद्राच्या कामाबद्दल बोलायला सांगितलंय. पण सुरुवात माझ्यापासूनच करते.

तीन वर्षांपूर्वी केंद्राची नोंदवही माझ्याकडे होती. त्या पावसाळ्यात मी तारखा चुकवायला लागले. घरी समोर उभी असताना दूध उतू जायचं. भाजीवालीला पैसे दिले की नाही आठवायचं नाही. वर्तमानपत्रातली एकच बातमी तीनदा वाचली तरी डोक्यात शिरायची नाही. माझी आई शेवटी माणसं विसरायला लागली होती. मी धरूनच चालले, आता आपली पाळी. वय ४६. घरात चेष्टा व्हायची, “हिचं लक्ष मोर्च्यात असतं.”

डॉक्टरबाईंना मी फक्त विसरण्याचं सांगितलं. पहाटे तीनला जाग येते, जेवण नकोसं झालंय, हे सांगायचं असतं असं वाटलंच नाही. त्यांनी आधी रक्त तपासलं. हिमोग्लोबिन, थायरॉईड, बी-१२. हे करायचंच, त्यांच्यामुळेही डोकं मंदावतं. मग काही शब्द सांगून थोड्या वेळाने विचारले, शंभरातून सात-सात वजा करायला लावलं. मला वाटलं, सगळं चुकलं. चुकलं होतं एकच. मग त्यांनी झोपेचं विचारलं आणि मला रडू फुटलं.

नैराश्य म्हणजे नुसतं रडणं नव्हे. लक्ष न लागणं, निर्णय न घेता येणं ही त्या आजाराचीच लक्षणं आहेत. दवाखान्यांत वापरतात त्या पीएचक्यू-९ या नऊ प्रश्नांच्या यादीत एक प्रश्न वर्तमानपत्र वाचताना लक्ष लागतं का, असाच आहे! आपल्या स्मरणशक्तीबद्दलची आपली तक्रार चाचणीतल्या गुणांपेक्षा मनाच्या उदासीशी जास्त जुळते, असं अनेक अभ्यासांत दिसलंय. याचा अर्थ बाई खोटं बोलते असा नाही. ज्याकडे लक्षच गेलं नाही ते आठवणार कसं? शिवाय उदास मन चुकाच मोजतं. त्या दिवशी मी डबे केले, सासूबाईंच्या गोळ्या दिल्या, वीजबिल भरलं. हिशेबात धरलं फक्त उतू गेलेलं दूध. मात्र म्हातारपणी हे नव्याने सुरू झालं तर नुसती उदासी म्हणून सोडू नका, नीट तपासणी करून घ्या.

आता केंद्राचं. मार खाऊन आलेली बाई म्हणते, “ताई, माझं डोकंच चालत नाही.” आपण ते तसंच अर्जात लिहितो. एकीच्या बाबतीत नवऱ्याच्या वकिलाने तेच वाक्य उचललं आणि तिला वेडी ठरवायला निघाला. हिंदू विवाह कायद्यात मनोविकार हे घटस्फोटाचं कारण आहे. पण नुसता आजार असणं पुरत नाही, तो किती गंभीर आहे हे सिद्ध करावं लागतं, असं सर्वोच्च न्यायालयाने १९८८ साली सांगितलंय. तेव्हा अर्जात नेमकं लिहा. झोप कधीपासून नाही, जेवण किती, लक्ष कुठल्या कामात लागत नाही, आणि मारहाण कधी सुरू झाली. आणि तिला १४४१६ हा टेलिमानसचा नंबर द्या. तो २०२२ पासून सुरू आहे, फोन फुकट लागतो.

एक तक्रार तुमच्याबद्दलही आहे. त्या वर्षी तुम्ही माझ्याकडून नोंदवही काढून घेतलीत. प्रेमानेच, “तू आराम कर” म्हणून. मी घरी जाऊन म्हटलं, बघा, यांनाही कळलं. गोळ्या आणि समुपदेशन आठ महिने चाललं, झोप परतली, बातम्या डोक्यात शिरायला लागल्या. पण पुन्हा नोंदवही मागायचं धाडस व्हायला त्याहून जास्त दिवस लागले. मला अर्धं काम आणि शेजारी कुणीतरी हवं होतं.

आता मंगळवारी आम्ही दोघी बसतो. ती तारीख मोठ्याने वाचते, मी लिहिते. शब्द अजूनही कधीकधी ओठांवर येऊन अडतो. मग ती थांबते.