व्यालेल्या गाईचा खुराक
(शेतकऱ्यांच्या सभेंत एका गांवशिक्षकानें केलेलें भाषण)



गाय व्याली म्हणजे घरांत आनंद होतो. आणि दोन महिन्यांनीं तीच खपाटीला गेली म्हणजे कोणाची तरी दृष्ट लागली असें आपण म्हणतों. दृष्ट कसली? हा तोट्याचा व्यवहार आहे. साडेतीन टक्के फॅटचें वीस लिटर दूध देणारी संकरित गाय दररोज सुमारें ७०० ग्रॅम स्निग्धांश कांसेंतून देते. दूध सहा ते आठ आठवड्यांत शिगेला पोंचतें. भूक पुरी वाढावयास मात्र आणखी महिनाभर लागतो. मधली तूट ती अंगावरच्या मांसमेदांतून भरून काढते. मग बरगड्या दिसतात, माज लांबतो. कर्जाचा हप्ता कांहीं लांबत नाहीं!

अशा वेळीं कित्येक जण वेळूच्या नळ्यानें तेल पाजतात. हें आधीं बंद करा. ठसका लागून तेल फुफ्फुसांत उतरलें तर गाय हातची जाते. पोटांत गेलें तरी फार झालेलें तेल कोठीपोटांतील सूक्ष्म जंतूंना बाधतें, आणि कडबा पचविणारे तर तेच. म्हणून एकंदर सुक्या आहारांत स्निग्धांश सहा टक्क्यांवर जाऊं देऊं नये.

बाजारांत ‘बायपास फॅट’ मिळतें. बहुधा ताडतेलांतील आम्लें कॅल्शियमशीं जोडून ही भुकटी करतात. ती कोठीपोटांत फारशी विरघळत नाहीं. चौथ्या पोटांतील आम्लानें फुटते व पुढें आंतड्यांत शोषली जाते. व्याल्यापासून तीन महिने, दुधाच्या मानानें, रोज १०० ते २०० ग्रॅम आंबोणांत द्यावी. चव रुचत नाहीं म्हणून आरंभ ५० ग्रॅमांनीं करावा. पिशवीवरील मजकूर वाचून घ्या. स्वतःला येत नसेल तर शाळेंतल्या पोराकडून वाचवा. दावणीशीं राबतात बाया आणि दुकानांत जातात बाप्ये, म्हणून बायांनीं हें विशेष ऐकावें.

पांच लिटर देणाऱ्या गावरान गाईला या भुकटीची गरज नाहीं. दुकानदार तिच्यासाठींही विकील! तिला पोटभर वैरण व मुबलक पाणी द्या. ज्याला भुकटी परवडत नाहीं त्यानें मोठ्या दुधाच्या गाईस किलोभर अख्खी सरकी घालावी. तींत सुमारें १८ टक्के तेल असतें व दाण्यांतून तें हळूहळू सुटतें. लहान वासरांना मात्र सरकी देऊं नका. आणि सरकी व भुकटी दोन्ही घालणार असाल, तर दोहोंतील तेलाची बेरीज करूनच घाला.