जुन्या गाडीत हवा किती भरायची?

आम्ही डोंगरीहून बोलतोय. भाईंदर पश्चिमेकडून उत्तनला जाणाऱ्या रस्त्यावरचं आमचं गाव. पुढे उत्तन, पाली, चौक ही कोळ्यांची गावं आणि मग समुद्र. पहाटे बंदरावरून म्हावरं उचलायचं, भाईंदरच्या बाजाराला न्यायचं आणि दुपारी मोकळ्या टोपल्या घेऊन परत यायचं, हे इथल्या कितीतरी बायकांचं रोजचं काम. त्यासाठी आमच्या गटाकडे एक जुनी ओम्नी व्हॅन आहे. ओम्नी कंपनीने २०१९ मध्ये बंद केली, म्हणजे आता रस्त्यावर दिसते ती प्रत्येक ओम्नी जुनीच. तुमच्या दारात कदाचित मारुती ८०० असेल, ती तर २०१४ लाच बंद झाली. किंवा जुनी जीप असेल. आजचं बोलणं या सगळ्या म्हाताऱ्या गाड्यांच्या टायरमधल्या हवेबद्दल.

गाडी कोणाची का असेना, हवा किती भरायची हे बहुतेक वेळा कोपऱ्यावरचा पंक्चरवाला भाऊ ठरवतो. 'ताई, चारीला पस्तीस मारली,' असं सांगून तो मोकळा होतो. पस्तीसच का, असं विचारलं तर म्हणतो, सगळ्यांना तेवढीच मारतो. छोटी गाडी असो, मोठी असो, भरलेली असो, रिकामी असो, पस्तीस! हे म्हणजे घरात जेवायला चार माणसं असोत की चौदा, तांदूळ तेवढेच टाकायचे.

हा पस्तीसचा आकडा असतो पीएसआयचा. पीएसआय म्हणजे इथे फौजदार नव्हे हं, हवेचा दाब मोजायचं माप. दुकानात त्याला पॉइंट म्हणतात, आपणही तेच म्हणू.

मग खरा आकडा कुठे शोधायचा? पुष्कळ जणी टायरच्या बाजूला वाचायला जातात. तिथे बारीक अक्षरांत 'मॅक्स' असं लिहून कुठे ४४, कुठे ५१ असा आकडा असतो. तो टायरची सोसण्याची हद्द सांगतो. तेवढी हवा भरा असं तो सांगत नाही. भरायचा आकडा टायरवर नसतो, तो गाडीवर असतो. चालकाच्या दाराच्या चौकटीवर एक स्टिकर असतो, काही गाड्यांत पेट्रोलच्या झाकणाच्या आत असतो, आणि गाडीबरोबर मिळालेल्या पुस्तकात तर असतोच. त्यात पुढच्या चाकांचा आकडा वेगळा, मागच्यांचा वेगळा असू शकतो. पुष्कळ गाड्यांत कमी भाराचा आणि भरलेल्या गाडीचा असेही दोन आकडे देतात. आमच्यासारख्यांना हा फरक फार महत्त्वाचा. ओम्नीचं इंजिन पुढच्या सीटखाली, त्यामुळे रिकाम्या गाडीचं वजन पुढे पडतं. मागे बर्फ आणि म्हावऱ्याचे क्रेट भरले की सगळा भार मागच्या दोन चाकांवर. सकाळी एक आणि दुपारी एक अशी हवा कोणी बदलत बसत नाही, तेव्हा जास्त भार असतो त्याचाच आकडा धरायचा.

आता जुन्या गाडीची अडचण. स्टिकर केव्हाच उडालेला असतो, पुस्तक पहिल्या मालकाकडेच राहिलेलं असतं. तेव्हा त्याच कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला गाडीचं मॉडेल आणि वर्ष सांगून आकडा विचारावा आणि तो रंगाने दाराच्या आत लिहून ठेवावा. दुसरी अडचण अशी की टायर मूळचे नसतात. साठ-सत्तरच्या दशकातल्या गाड्या, म्हणजे कुर्ल्याला बनणारी पद्मिनी वगैरे, नायलॉनच्या टायरवर चालायच्या. त्या टायरना कमी हवा लागायची. तशा गाडीला आज रेडियल टायर बसवला असेल तर पुस्तकातला आकडा कमी पडतो, दोन-चार पॉइंट वर जावं लागतं. आणि एका जोडीत एक नायलॉन, एक रेडियल असं कधीच बसवू नये. ब्रेक मारला की गाडी एकीकडे ओढते.

टायर भार पेलतो की नाही हे बघायची एक युक्ती आहे. टायरच्या बाजूला मापाच्या पुढे एक आकडा असतो. उदाहरणार्थ ६९ असेल तर तो एक टायर जास्तीत जास्त ३२५ किलो पेलतो, ७५ असेल तर ३८७, ८० असेल तर ४५०. ऊस किंवा कापूस तोलायचा वजनकाटा तुमच्या गावाजवळ असतोच. भरलेल्या गाडीची फक्त मागची दोन चाकं काट्यावर घ्या. आलेल्या वजनाचा निम्मा भाग एका टायरवर पडतो. समजा मागे ७०० किलो आलं, तर एका टायरवर ३५०. टायरवर ६९ लिहिलं असेल तर तो टायर त्या गाडीला चालणार नाही, मग हवा कितीही भरा. आधी माल कमी करा, नाहीतर टायर बदला.

सगळ्यात मोठी गैरसमजूत उन्हाळ्यातली. 'ऊन वाढलंय, टायर फुटेल, जरा हवा कमी करा,' हे आम्ही आमच्या आज्यांच्या वेळेपासून ऐकतोय. प्रत्यक्षात उलट होतं. हवा कमी असली की टायरची बाजू प्रत्येक फेऱ्याला दबते आणि सरळ होते. तार वाकवून वाकवून तोडताना ती बोटाला गरम लागते ना, तसंच. टायर आतून तापतो, थर सुटायला लागतात, आणि वेगात असताना फाटतो. २००० साली अमेरिकेत फायरस्टोन कंपनीने सुमारे ६५ लाख टायर परत मागवले. त्यातले पुष्कळसे फोर्ड एक्सप्लोरर गाडीवरचे होते. नक्षीचा थर सुटून गाड्या उलटत होत्या, अडीचशेहून जास्त माणसं गेली. टायरमध्ये दोष होताच, पण भांडण हवेवरूनही झालं. फोर्डने २६ पॉइंट सांगितले होते, टायरवाले म्हणत होते ३० हवेत. त्यानंतर तिकडे कायदा झाला आणि नव्या गाड्यांत हवा कमी झाली की समोर दिवा लागायला लागला. आपल्या जुन्या गाडीत तो दिवा नाही. म्हणून गाडीच्या आकड्याखाली आम्ही कधी जात नाही.

आपल्याकडे समृद्धी महामार्गाचं पाहा. नागपूर ते शिर्डी हा टप्पा ११ डिसेंबर २०२२ ला सुरू झाला, आणि टायर फुटून अपघात होऊ लागले. पुढे आरटीओने प्रवेशाच्या जागीच टायर तपासून, गोटा झालेल्या टायरच्या गाड्या परत पाठवायला सुरुवात केली. गटातल्या बायका जीप करून शिर्डीला निघतात, तेव्हा गाडीवाल्या दादांना भाडं विचारतोच, तसं टायरबद्दलही विचारावं. यात लाजायचं काय?

जास्त हवाही चांगली नाही. टायर मधून फुगतो, रस्त्याला कमी टेकतो, ओल्या रस्त्यावर ब्रेक लांब लागतो आणि खड्ड्याचा दणका सरळ आत येतो. टायर स्वतःच सांगतो. मधली नक्षी झिजली तर हवा जास्त, दोन्ही कडा झिजल्या तर हवा कमी. एकच कड झिजली तर हवेचा दोष नाही, अलाइनमेंट करून घ्यावी.

मोजायचं ते टायर थंड असताना, म्हणजे गाडी तीन तास उभी राहिल्यावर. गाडी चालली की आतली हवा तापते आणि आकडा तीन-चार पॉइंट वर दिसतो. तो पाहून हवा सोडायची नाही. आमच्याकडून भाईंदरच्या पंपावर पोचेपर्यंत टायर तापलेलेच असतात, म्हणून आम्ही घरीच पहाटे मोजतो. समजा ३० हवेत आणि गेजवर २६ दिसले, तर चार कमी. पंपावर तोच टायर २९ दाखवेल. तिथे ३० करून समाधान मानायचं नाही, २९ मध्ये चार मिळवून ३३ करायचे. घरी थंड झाल्यावर ते बरोबर तीसच्या आसपास येतात. गेज काही शे रुपयांत मिळतो, गटाला एक पुरतो. पेट्रोल पंपावर हवा मोफत देणं बंधनकारक आहे, तेव्हा संकोच नको.

विदर्भ-मराठवाड्यातल्या मैत्रिणींना अजून एक. तापमान साधारण साडेपाच अंशांनी उतरलं की एक पॉइंट कमी होतो. मे महिन्यात ४० अंशांत भरलेली हवा डिसेंबरच्या पहाटे १२ अंशांत पाच पॉइंटने उतरलेली असते, वर महिन्याला एखादा पॉइंट आपोआप जातो तो वेगळाच. आमच्याकडे थंडी नाही, पण मीठ आहे. क्रेटमधलं खारं पाणी गळून रिमला गंज चढतो, ट्यूबलेस टायर तिथूनच हळूहळू हवा सोडतो. रिम गोड्या पाण्याने धुवावी. वाल्वचं टोपण हरवू देऊ नये. वाल्व गळतोय का ते थुंकीचा थेंब लावून कळतं, बुडबुडा आला की बदलावा.

टायरचं वयही बघावं. बाजूला चार आकडे असतात. २३१९ म्हणजे २०१९ सालातला तेविसावा आठवडा. नक्षी कितीही चांगली दिसली तरी दहा वर्षांनंतर टायर काढावा, असं टायर कंपन्याच सांगतात. जुन्या गाडीत हा म्हातारा टायर बहुतेक वेळा स्टेपनीत सापडतो. चार चाकं मोजून झाली की तीही खाली काढा आणि गेज लावा.