बाजाराच्या दिवशीची पिशवी

(मिशनच्या हितचिंतकांच्या वार्षिक मेळाव्यात एका स्वयंसेवक बंधूंनी केलेले भाषण)



कर्जात सापडलेल्या कुटुंबांसाठी आपल्या केंद्रावर जे काम चालतं त्याचा अहवाल द्यावा, असं पाळकसाहेबांनी मला सांगितलं. मी ३१ वर्षं बँकेत काढली, त्यातली नऊ वर्षं वसुली खात्यात, तेव्हा आकडे मांडायची मला सवय आहे. पण आकड्यांआधी एक चूक सांगायची आहे. ती मुख्यतः माझी, आणि थोडी आपल्या सगळ्यांचीही.

आपल्यापैकी पुष्कळांना तीन वर्षांपूर्वीची हंगामाच्या सणाची उपासना आठवत असेल. जव्हारच्या बाजूच्या एका पाड्यावरच्या बहिणीसाठी आपण दान गोळा केलं होतं. तिचा नवरा आंब्याच्या झाडावरून पडला, कंबर मोडली, नाशिकच्या दवाखान्यात बरेच दिवस काढले. बचत गटासारखा बायकांचा गट करून कर्ज देणाऱ्या एका कंपनीचे दोन हप्ते थकले. मग गटातल्या बायका आणि कंपनीचा माणूस रात्र पडेपर्यंत तिच्या अंगणात बसून राहिले. हे कळल्यावर मीच कमिटीत विषय काढला. वेदीपुढे उभं राहून तिचं नाव आणि अडचण मीच सांगितली. १४ हजार रुपये जमले. आम्ही ते हप्ते भरले, पावती फाईलला लावली, आणि मोकळ्या मनाने घरी गेलो.

दिवाळीनंतर ती पाड्यावर नव्हती. भिवंडीच्या बाजूला एका वीटभट्टीवर ३० हजारांची उचल घेऊन दीर-जावेबरोबर गेली होती. सातवीतली मुलगीही बरोबर नेली, विटा उलटायला हात लागतात म्हणून. नवरा खाटेवर, त्याच्या म्हाताऱ्या आईच्या भरवशावर. शाळेच्या बाईंनी पाळकसाहेबांना सांगितलं तेव्हा आम्हाला कळलं.

आम्ही दोघं भट्टीवर गेलो. ती आम्हाला बघून उभी राहिली, हात चिखलाने भरलेले. मी जरा रागातच विचारलं, "अहो, कर्ज तर फिटलं होतं ना?" ती म्हणाली, "भाऊ, तुम्ही पैसे दिलेत. पण किती आहे ते कोणी विचारलं नाही."

मग तिने झोपडीतून एक प्लास्टिकची पिशवी आणली. त्यात कर्जाची कार्डं, पावत्या, एक वही, दवाखान्याची बिलं. बँकेच्या माणसाला अशी पिशवी म्हणजे उघडं पुस्तक. मातीवरच बसून मी बेरीज केली. अशा तीन कंपन्यांचे २२,४००, ३१,००० आणि ९,६०० रुपये बाकी. किराणा दुकानाचे ६,५००. गावातल्या एका सावकाराचे १५,०००. एकूण ८४,५००. भट्टीची उचल वेगळी, तीही थकलेल्या हप्त्यांत संपलेली. आपण १४ हजार भरले ते यातल्या एकाच कार्डावर. त्यामुळे झालं काय, तर तिचा व्यवहार चांगला आहे असं दिसलं आणि त्याच कंपनीने तिला नवीन कर्ज दिलं. ते ३१ हजार म्हणजे हेच.

मी विचारलं, हे सगळं आधी का नाही सांगितलंत? ती गप्प राहिली. उत्तर पाळकसाहेबांनीच परतीच्या एसटीत दिलं. आपण भर मंडळीत तिचं नाव घेतलं होतं. त्यानंतर बाकीची चार कर्जं ती कोणत्या तोंडाने सांगणार?

आता एक गंमत सांगतो, म्हणजे मला ती गंमत वाटली नाही. गटामार्फत मिळणाऱ्या अशा छोट्या कर्जांसाठी रिझर्व्ह बँकेचे नियम आहेत, १ एप्रिल २०२२ पासून लागू झालेले. वसुलीसाठी काय करायचं नाही याची त्यात यादी आहे. धमकी, शिवीगाळ नाही. सकाळी ९ च्या आधी आणि संध्याकाळी ६ नंतर फोन नाही. नातेवाइकांना त्रास नाही. आणि कर्जदाराचं नाव जाहीर करायचं नाही. कंपनीला जे करायला मनाई आहे ते मी प्रेमाने, प्रार्थना करून, माईकवरून केलं होतं.

त्या आठवड्यात मी दुसऱ्या राजांच्या पुस्तकातला चौथा अध्याय पुन्हा वाचला. तेलाच्या भांड्याची गोष्ट आपण संडे स्कूलपासून ऐकतो. संदेष्ट्यांच्या शिष्यांपैकी एकाची विधवा अलीशाकडे येते. सावकार तिच्या दोन मुलांना गुलाम करून न्यायला आलेला असतो. आपण नेहमी तेल वाढल्याच्या चमत्कारावर बोलतो. मला या वेळी दुसरंच दिसलं. अलीशा आधी विचारतो, मी तुझ्यासाठी काय करू, आणि घरात काय आहे. म्हणजे हिशेब आधी. शेजाऱ्यांनी द्यायची ती रिकामी भांडी. आणि तेल ओतायच्या आधी तो तिला दार लावून घ्यायला सांगतो. हे दार मी इतकी वर्षं वाचलंच नव्हतं.

तेव्हापासून केंद्रात बाजाराच्या दिवशी मी मागच्या खोलीत बसतो आणि दार लावलेलं असतं. बाई आली तर तिच्या ओळखीची एक बाई बरोबर बसते. वहीत नाव नाही, नुसता नंबर. पिशवीतलं सगळं टेबलावर येईपर्यंत मी सल्ला देत नाही. याला कधी तीन बाजार लागतात. पहिल्या दिवशी निम्मीच कार्डं येतात, सावकाराचं नाव तर शेवटी.

मग घरात येतं किती ते लिहितो. या बहिणीचं कामाच्या महिन्यात साधारण ८ हजार. तिन्ही कंपन्यांचे हप्ते मिळून महिन्याला ५,७८०. त्याच नियमांप्रमाणे अशा कुटुंबाचे सगळ्या कर्जांचे हप्ते मिळून महिन्याच्या उत्पन्नाच्या निम्म्यावर जायला नकोत. म्हणजे शेवटचं कर्ज तिला द्यायलाच नको होतं. तसं आम्ही लिहून दिलं, आणि हप्ता कमी करून मुदत वाढवून मागितली. ज्याला फेडणं जड जातंय त्याला शोधून मार्ग सांगायची व्यवस्था कंपनीने ठेवावी, हेही नियमात आहे. दोन कंपन्यांनी ऐकलं. तिसरीने ३० दिवसांत उत्तर दिलं नाही, म्हणून रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे तक्रार केली. त्याला फी लागत नाही, वकील लागत नाही. चौकशीला १४४४८ हा नंबर आहे. पत्र गेल्यावर तिसरीचाही सूर बदलला. माझ्या वसुलीच्या दिवसांत असं पत्र आलं की आमच्या साहेबांचाही बदलायचा.

सावकाराचं प्रकरण सोपं नव्हतं. त्याने १५ हजार शेकडा पाच दराने दिले होते, म्हणजे महिन्याला ७५० नुसतं व्याज. २६ महिन्यांत तिने १९,५०० दिले आणि मुद्दल जागच्या जागी. महाराष्ट्रात २०१४ चा सावकारी नियमन कायदा आहे. परवाना असलेल्या सावकारालासुद्धा बिगरशेती, विनातारण कर्जावर वर्षाला १८ टक्क्यांपर्यंतच व्याज घेता येतं, म्हणजे महिन्याला शेकडा दीड. आणि मुद्दलापेक्षा जास्त व्याज घेताच येत नाही. या माणसाकडे परवानाच नव्हता, आणि परवान्याशिवाय सावकारी केली तर पाच वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. नहेम्याने ज्या व्याजावरून सरदारांना भर सभेत खडसावलं तो दर, बऱ्याच भाष्यकारांच्या मते, महिन्याला शेकडा एक होता! हे सगळं मी तिला मोठ्या उत्साहाने सांगितलं. तालुक्याच्या सहायक निबंधकांकडे अर्ज करू म्हटलं. अर्ज लिहूनही ठेवला.

तिने सही केली नाही. म्हणाली, "माझा माणूस पडला तेव्हा रात्री दोन वाजता त्याचीच जीप आली होती."

मंडळी, यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. आपण रविवारी भेटतो, तो रात्री दोन वाजता भेटतो. शेवटी पोलीस पाटलांना बसवून आम्ही हिशेबाचा कागद सावकारापुढे ठेवला, आणि व्याज त्या दिवशी थांबलं. पुढे काय करायचं ते तिने ठरवलं: मुद्दलातले ५ हजार हळूहळू द्यायचे. कायद्याने तेही देणं लागत नव्हतं, असं माझं मत आहे. पण राहायचं तिला त्या पाड्यावर आहे, मला नाही. अर्ज अजून कपाटात आहे.

जमीन लिहून मागितली असती तर मात्र मी हट्ट सोडला नसता. आदिवासींची जमीन जिल्हाधिकाऱ्यांच्या परवानगीशिवाय बिगरआदिवासीकडे जाऊ शकत नाही, गहाणही नाही. आपल्या जमीन महसूल संहितेच्या ३६-अ कलमात ते आहे. कोऱ्या स्टॅम्पवर अंगठा देऊन आलेला कोणी आपल्याला भेटला तर त्याला "आता काय उपयोग" म्हणू नका. पंधरा वर्षांच्या आतलं असेल तर सावकारी कायद्याखाली जमीन परत मिळवण्यासाठी अर्ज करता येतो.

भट्टीबद्दल थोडक्यात सांगतो. उचल फिटेपर्यंत इथून हलायचं नाही असं म्हणणं ही वेठबिगारी आहे, आणि १९७६ च्या कायद्याने ती बंद झाली. असं कर्ज कायद्यानेच संपतं, ते वसूल करणं हाच गुन्हा. आम्ही तहसीलदारांकडे गेलो, चौकशी झाली, होळीच्या आत ती घरी आली. दाखला मिळायला मात्र पुढे कितीतरी खेपा घालाव्या लागल्या. ठाणे-पालघर भागात श्रमजीवी संघटनेसारखी माणसं हे काम चाळीस वर्षांहून जास्त काळ करत आली आहेत. ती आपल्या मंडळीतली नाहीत, पण ज्याला ते काम येतं त्याच्याकडे जावं. मला बँकेचं कळतं, भट्टीचं कळत नाही, आणि हे कबूल करायला मला उशीर लागला.

तसंच वकिलाचं. अनुसूचित जमातीच्या माणसाला आणि कोणत्याही स्त्रीला, उत्पन्न कितीही असो, सरकारी विधी सेवेतून फुकट वकील मिळतो. तालुक्याच्या कोर्टात समितीची खोली असते, १५१०० वर फोनही करता येतो. आपल्या शहरातल्या मंडळीत हे किती जणांना माहीत आहे, हात वर करा म्हटलं तर आपलेच चेहरे पडतील.

आणि आता ज्याच्यापासून सावध राहायचं तो. मागच्या वर्षी बाजारात चहाच्या टपरीवर एक जण छापील फॉर्म घेऊन बसायचा. ३ हजार द्या, कर्जमुक्तीचं प्रमाणपत्र मिळेल, मग हप्ता भरायची गरज नाही. बोलायला गोड, पाड्यांतली नावंही पाठ. अशा प्रमाणपत्रांना काही अधिकार नाही, आणि त्यासाठी कोणी फी घेत असेल तर सावध राहा, असं रिझर्व्ह बँकेने डिसेंबर २०२३ मध्ये जाहीर केलं होतं. पण रिझर्व्ह बँकेचं पत्रक पाड्यावर कोण वाचणार? सात घरांनी पैसे दिले. त्यांनी हप्ते बंद केले, व्याज चढलं, दंड चढला, आणि तो माणूस दुसऱ्या बाजाराला गेला. मोबाईलवर पाच मिनिटांत कर्ज देणाऱ्या ॲपचंही तेच. एका तरुणाच्या फोनमधले सगळे नंबर त्यांनी घेतले आणि त्याच्या बहिणीच्या सासरी घाणेरडे मेसेज गेले. तो तीन दिवस घराबाहेर पडला नाही. त्याला घेऊन १९३० वर तक्रार केली, मग पोलीस ठाण्यात गेलो. त्याला सर्वांत जास्त गरज कोणीतरी शेजारी बसण्याची होती.

आता केंद्रावर येणाऱ्यांना मी एवढंच सांगतो: जो आधी पैसे मागतो त्याच्याकडून उठा. जुनं फेडायला नवीन कर्ज देतो त्याच्याकडूनही उठा. "आजच सही करा" म्हणणाऱ्याला सांगा, कागद घरी नेऊन उद्या सांगते. हे माझ्यासाठीही लागू आहे. मी सांगितलेला आकडा दुसऱ्या कोणाला दाखवून या, असं मी स्वतःच म्हणतो. एकदा माझीच बेरीज चुकली होती, आश्रमशाळेच्या गुरुजींनी धरली.

हितचिंतकांकडे मागणी करायचा दिवस आहे, म्हणून मागतो. कोणाचे हप्ते भरण्यासाठी कृपया पैसे पाठवू नका. मुलांची फी, औषध, धान्य यासाठी जरूर पाठवा, त्यामुळे घरातलं पोट हप्त्यात जात नाही. आम्हाला कुलपाचं एक लोखंडी कपाट हवं आहे. आणि माणसं हवी आहेत, बँकेतून, पोस्टातून, कोर्टातून निवृत्त झालेली, ज्यांना हिशेब वाचता येतो आणि ऐकलेलं पोटात ठेवता येतं. मी ६७ वर्षांचा आहे, आणि एका बाजाराला आता नऊ-दहा पिशव्या येतात.

त्या बहिणीचं विचारलंत म्हणून सांगतो. मुलगी पुन्हा सातवीत बसली, एक वर्ष मागे. नवरा काठी घेऊन अंगणापर्यंत येतो. एका कंपनीचं खातं बंद झालं, दुसरीचे चार हप्ते राहिलेत, तिसरीचे अकरा. हे सगळं मी तिला विचारून सांगतो आहे. नाव आणि पाडा सांगू नका म्हणाली, बाकीचं सांगा म्हणाली.

ज्यांना यायचं असेल त्यांनी चहाच्या वेळी पाळकसाहेबांकडे नाव द्यावं. एसटी सकाळी लवकर निघते. डबा बरोबर आणावा, आणि चष्मा विसरू नये, कार्डांवरची अक्षरं फार बारीक असतात.