डिझाइनच्या मुलांनी प्रोग्रामिंगचे पुस्तक कोणते घ्यावे?

(गणेशोत्सवातील युवा कार्यक्रमात दिलेल्या भाषणाचे शब्दांकन)



चिटणीसांनी "कॉम्प्युटरवर दहा मिनिटे बोला" असे सांगितले तेव्हा मी आधी नाहीच म्हटले. मी रेल्वेचा माणूस. डिप्लोमा करून रुळांच्या देखभालीत लागलो आणि बिलासपूरच्या या कॉलनीत स्थायिक झालो. गिट्टी, स्लीपर आणि वळणे हे माझे विषय. पण पुस्तक निवडताना माझ्या हातून एक चूक झाली, ती सांगण्यासारखी आहे म्हणून उभा राहिलो.

माझी मुलगी डिझाइन शिकते. दुसऱ्या वर्षी तिला एक विषय आला, प्रोग्राम लिहून चित्रे तयार करणे. तिने विचारले, "बाबा, पुस्तक कोणते घेऊ?" मी मोठ्या अभिमानाने कपाटातून माझे जुने 'लेट अस सी' काढून दिले. नागपूरच्या यशवंत कानेटकरांचे हे पुस्तक. आमच्या पिढीतल्या किती डिप्लोमावाल्यांना त्याने तारले असेल! त्यातला सुरुवातीचा प्रोग्राम सरळव्याजाचा आहे. पहिल्याच स्वाध्यायात रमेश नावाच्या गृहस्थाचा पगार काढायचा असतो, मूळ पगारावर महागाई भत्ता आणि घरभाडे भत्ता धरून. मला सरकारी नोकराला ते गणित गोडच वाटणार. वीस वर्षांच्या चित्र काढणाऱ्या मुलीला त्या रमेशचे काय?

पंधरा दिवस ती रोज बसली. एका रात्री पुस्तक मिटून म्हणाली, "बाबा, यात चित्र कुठे आहे? मला हे जमत नाही. विषय बदलून घेते." अर्ज लिहूनही ठेवला होता. मी आधी रागावलो, मग रात्रभर विचार करत राहिलो. पुस्तकात दोष नव्हता. ते ज्याच्यासाठी लिहिले त्याच्या हातात मी दिले नव्हते. आणि पोरगी मात्र समजून बसली होती की आपल्यालाच डोके नाही.

तिच्या एका सीनियरने 'प्रोसेसिंग'चे नाव सांगितले. केसी रीस आणि बेन फ्राय या दोघांनी २००१ मध्ये अमेरिकेतल्या एम.आय.टी. मीडिया लॅबमध्ये ते सुरू केले, ते चित्रकार आणि डिझाइनर डोळ्यांपुढे ठेवूनच. ते फुकट मिळते. त्यावरचे डॅनियल शिफमन यांचे 'लर्निंग प्रोसेसिंग' आम्ही मागवले. पहिले प्रकरण उघडले आणि मला हसूच आले. सुरुवात आलेखाच्या कागदापासून! या चौकटीत ठिपका कुठे, रेघ कुठून कुठे, एवढेच. एलिप्स असे लिहून कंसात चार आकडे द्यायचे, केंद्राचे दोन, मग रुंदी आणि उंची, की पडद्यावर वर्तुळ हजर. तिसऱ्या प्रकरणात तर झूग नावाचा एक गमतीदार प्राणी माउसच्या मागे धावू लागतो. व्हेरिएबल हा शब्द येतो तो चौथ्या प्रकरणात. तोवर मुलाच्या हातून काहीतरी घडलेले असते आणि आकडे बदलत राहावेत ही गरज त्याची त्यालाच वाटू लागते.

मीही शेजारी बसून शिकलो. पहिल्याच दिवशी फसलो. आपण शाळेपासून आलेखात वर जाणे म्हणजे वाढणे मानतो. इथे शून्य डाव्या वरच्या कोपऱ्यात आणि आकडा वाढला की रेघ खाली जाते. माझा आलेख उलटा लटकला आणि मुलगी महिन्याभरात पहिल्यांदा खळखळून हसली.

तो आलेख माझ्या कामाचा होता. वळणावर आम्ही बाहेरच्या रुळाच्या आतल्या कडेला २० मीटरची दोरी ताणतो आणि मधोमध दोरी व रूळ यातले अंतर मोजतो. त्याला व्हर्साइन म्हणतात. दर १० मीटरला एक माप. दोन अंशांचे वळण, म्हणजे ८७५ मीटर त्रिज्येचे, ठीक असेल तर माप ५७ मिलिमीटरच्या आसपास येते. कुठे ४८, लगेच पुढे ६५ आले तर तिथे रूळ सरकलाय. मी जुन्या वहीतले आकडे दिले, तिने त्यांच्या दांड्या काढल्या आणि बिघडलेल्या जागा लाल केल्या. अ‍ॅरे म्हणजे काय हे तिला त्या रकान्यावरून कळले, आणि लूप म्हणजे काय हे मला नव्याने कळले: एक आकडा घे, एक दांडी काढ, दहा मीटर पुढे हो.

ती वर्गात पहिली वगैरे आली नाही. अर्ज मात्र दिला नाही.

तेव्हा दुकानात जाल तर नाव आणि जाडी पाहू नका. पहिली तीन प्रकरणे चाळा आणि विचारा, एवढे वाचून माझ्या हातून काय तयार होईल? रीस आणि फ्राय यांचे स्वतःचे हँडबुक सुरेख आहे, त्यात कलावंतांच्या मुलाखतीही आहेत, पण ते बरेच जाडजूड आहे. ते दुसरे पुस्तक म्हणून घ्या. आवृत्तीही पाहा. शिफमन यांचे २००८ चे जुने पुस्तक स्वस्तात मिळाले तरी २०१५ ची दुसरी आवृत्ती बरी. प्रोसेसिंग मधल्या काळात बदलले. खिडकीची मापे व्हेरिएबलमधून देणारे जुने प्रोग्राम तिसऱ्या व्हर्जनपासून होते तसे चालत नाहीत, आणि शिकाऊ माणसाला वाटते चूक आपलीच. ब्राउझरमध्ये चित्रे हलवायची असतील तर लॉरेन मॅकार्थी यांनी २०१३ मध्ये सुरू केलेले पी-फाइव्ह जेएस आहे. त्यावरचे छोटे पुस्तक त्यांनी याच दोघांबरोबर लिहिले आहे. आणि उदाहरणे कॉपी करू नका, टाइप करा. अर्धविराम विसराल, लाल ओळ येईल, येऊ द्या.

आमची दोन्ही पुस्तके मी मंडळाच्या कपाटात ठेवली आहेत, वहीत नाव लिहून न्या. 'लेट अस सी' मात्र घरीच आहे. धाकटा यंदा डिप्लोमाला बसला आहे आणि रमेशच्या भत्त्यांवर त्याचे फार छान चालले आहे.